पहिल्या पोत्यातली पऱ्हाटी

देशकर मॅडमनी दोन आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "प्रणिता, यातला खरा कोणता?"

दोन्ही माझेच होते. एकाच भट्टीत, एकाच कृतीने केलेल्या कोळशाचे. डावीकडचा जानेवारीतला, उजवीकडचा जूनमधला. जानेवारीच्या कोळशाची वीज साठवायची क्षमता ग्रॅममागे तीनशे सहा फॅरड आली होती, जूनच्या कोळशाची एकशे बेचाळीस.

"दोन्ही खरे आहेत, मॅडम."

"कृती एकच असेल तर दोन्ही खरे कसे असतील?"

मॅडम चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. त्या दिवशी तो इतका खाली आला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा विदर्भातल्या एका विद्यापीठात मॅडमच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करत होते. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात, त्यांना आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. लोक ती चुलीत घालतात नाहीतर बांधावर पेटवून देतात. त्या पऱ्हाटीपासून सक्रिय कार्बन करायचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक छिद्रांनी पोखरलेला कोळसा, आणि त्याचे सुपरकपॅसिटरसाठी इलेक्ट्रोड बनवायचे, हा माझा विषय. सुपरकपॅसिटर बॅटरीसारखाच वीज साठवतो, पण क्षणात भरतो आणि क्षणात देतो. जेवढी छिद्रं जास्त, तेवढी विजेला बसायला जागा जास्त. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमच्या आत सगळी छिद्रं उलगडून पसरली तर अर्धा एकर भरेल एवढा पृष्ठभाग असतो. हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ हसत होते.

कोळशाला अशी छिद्रं पाडायला त्यात कॉस्टिक पोटॅश मिसळून आठशे अंशांवर तापवतात. इतर लोक कोळशाच्या चौपट पोटॅश घालायचे. आम्ही निम्माच घातला, आणि तरीही तीनशे सहा आले. मॅडमनी तो आकडा पुण्याच्या परिषदेत सांगितला. शोधनिबंध लिहून पाठवला. परीक्षकांचं उत्तर आलं की काम चांगलं आहे, फक्त वेगवेगळ्या वेळी केलेल्या आणखी तीन बॅचचे आकडे द्या. ऑगस्टमध्ये प्रकल्पाला निधी देणाऱ्यांची समिती येणार होती, तीही हेच विचारणार होती.

तीन बॅच केल्या. एकशे बेचाळीस, एकशे अडतीस, एकशे एक्कावन्न.

"काहीतरी बदललं असणार," मॅडम म्हणाल्या. "काय बदललं ते सांग. नाहीतर मला असं समजावं लागेल की जानेवारीत तू आकड्याला हात लावलास."

मी नव्हता लावला. तो आकडा मी तीनदा मोजला होता, आनंदाने रडले होते, आणि आता त्याच आकड्यापायी मला चोर ठरवलं जात होतं. मला काहीतरी सांगणं भाग होतं.

"धुण्यात फरक आहे," मी म्हणाले. "पहिली बॅच मी स्वतः धुतली होती. नंतरच्या तिन्ही गावंडेभाऊंनी धुतल्या. कदाचित त्यांनी डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी वापरलं असेल."

गावंडेभाऊ आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. पन्नाशी ओलांडलेले, अबोल. भट्टीतून निघालेला कोळसा आधी आम्लाने आणि मग पाण्याने धुवावा लागतो. गाळायचा, पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा गाळायचा, पाणी उदासीन होईपर्यंत. दोन दिवस जातात. ते काम त्यांचं नव्हतं. मी दमलेली दिसले की ते आपणहून बसायचे.

मॅडमनी माझी नोंदवही उघडली. जानेवारीच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, धुणे: स्वतः. त्यांनी वही मिटली आणि गावंडेभाऊंना बोलावलं.

ते आले. मॅडमनी विचारलं, जूनच्या बॅच तुम्ही धुतल्या का? ते हो म्हणाले. कोणत्या पाण्याने? ते म्हणाले, कॅनमधल्या. नक्की? नक्की. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आलेखांकडे पाहत होते. त्यांना बहुतेक वाटलं असावं की आता मी काहीतरी बोलेन. शेवटी ते निघून गेले.

आठवड्याभरात त्यांना मेमो मिळाला. संशोधनाच्या कामात हयगय केली, डिस्टिल्ड पाण्याच्या जागी नळाचे पाणी वापरले. माझ्या वाक्यातलं 'कदाचित' मेमोत नव्हतं. मेमोची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात गेली आणि त्यांची बदली परीक्षा विभागाच्या गोदामात झाली.

मी कामाला लागले. आता सगळं स्वतःच्या हाताने. शेती महाविद्यालयातून आणलेली पऱ्हाटी सोलली, तासली, दळली, चाळली, कोळसा केला, पोटॅश मिसळला, नायट्रोजन सोडून भट्टीत घातला. दोन दिवस गाळणीजवळ बसून धुतला, दर तासाला लिटमस लावून. वाळवला, लगदा केला, निकेलच्या जाळीवर थापला, मोजला.

एकशे शेहेचाळीस.

वाटलं होतं की निदान थोडा तरी वाढेल. दोनशेच्या पुढे गेला असता तरी मी स्वतःची समजूत घातली असती. पुन्हा केलं. एकशे चाळीस. म्हणजे धुण्याचा काही संबंध नव्हता, आणि हे जुलैच्या पहिल्या आठवड्यातच मला कळलं होतं. मी ते मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं एवढंच की अजून प्रयत्न चालू आहेत.

मग मी एकेक गोष्ट बदलत गेले. भट्टीचं तापमान तीस अंशांनी वर, तीस अंशांनी खाली. नायट्रोजनचं नवं सिलिंडर. पोटॅशची नवी बाटली. चाळणी बदलली. तराजू तपासून घेतला. लगदा थापताना जास्त जाड होतो का म्हणून एकाच कोळशाचे सहा इलेक्ट्रोड केले. सहाच्या सहा एकशे चाळीसच्या आसपास, जणू काही मला चिडवायला ठरवून. भट्टीची पाळी आठवड्यातून दोनदाच मिळायची, त्यामुळे प्रत्येक चूक तीन-चार दिवस खायची. एकदा नळी तडकली आणि पूर्ण आठवडा गेला. मी माणसांवर खेकसायला लागले. आईचा फोन आला की उचलायची नाही. माझ्या मैत्रिणीने जेवायला चल म्हटलं तर मी तिला म्हणाले, तुझे प्रयोग चालतात, तू जेव.

राखेचा विचार मला उशिरा सुचला, आणि तोही दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. कपाटाच्या मागच्या बाजूला पहिल्या बॅचच्या पऱ्हाटीची थोडी भुकटी एका बाटलीत उरली होती. ती आणि नवी भुकटी, दोन्ही सारख्या वजनाने घेऊन उघड्या भट्टीत जाळून टाकल्या. नव्या भुकटीची राख उरली शेकडा चार. जुनीची अकरा.

मी पुन्हा जाळलं. पुन्हा तेच.

म्हणजे कृती एकच होती, पऱ्हाटी वेगळी होती. मी नोंदवही काढली. जिथे माल कुठून आणला ते लिहायचं असतं तिथे मी लिहिलं होतं, 'पऱ्हाटी, स्थानिक, दोन किलो.' बस. स्थानिक म्हणजे कुठली, ते कुठेच नव्हतं. मला एवढंच आठवत होतं की ते पोतं कोणीतरी सायकलच्या कॅरियरवर बांधून आणलं होतं.

ते आणलं होतं गावंडेभाऊंनी.

तीन दिवस मी त्यांच्याशिवाय हे कळतंय का ते पाहिलं. विभागातल्या माळ्याला विचारलं, गेटवरच्या पहारेकऱ्याला विचारलं. समिती यायला सोळा दिवस उरले होते. चौथ्या दिवशी दुपारी मी गोदामात गेले.

गोदाम म्हणजे जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांची लांबट खोली. गावंडेभाऊ नाकाला रुमाल बांधून गठ्ठ्यांना सुतळी लावत होते. मला पाहून त्यांनी रुमाल खाली केला.

"या मॅडम."

यापूर्वी ते मला ताई म्हणायचे.

मी पोत्याचं विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, ते पोतं त्यांच्या बहिणीकडचं, तेलखेडचं. नंतर मी शेती महाविद्यालयातून माल मागवला, तेव्हा दोन्हींत फरक आहे हे त्यांना दिसलं होतं.

"म्या सांगतलं होतं तुमाले. का बा, हा कोळसा आम्लात टाकला का फेस कमी येते, आधीचा जास्त उठत होता. तुम्ही म्हणाल्या, भाऊ, तुम्ही धुवा, बाकीचं मी पाहते."

मला ते आठवत नव्हतं. पण मी तसंच म्हणाले असणार, हे मला लगेच पटलं.

"पण आधीचा..." मी बोलायला लागले आणि थांबले.

"आधीचा बी मीच धुतला होता, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही अकोल्याले गेल्या होत्या. मावसबहिणीच्या लग्नाले."

तक्रारीचा सूर नव्हता. जणू एखादी विसरलेली तारीख सांगावी तसं त्यांनी सांगितलं. मी मात्र विसरले नव्हते. रजा न टाकता दोन दिवस गेले होते. शिष्यवृत्तीला हजेरी लागायची, म्हणून परत आल्यावर हजेरीपटावर सह्या केल्या आणि वहीत लिहिलं, धुणे: स्वतः. तो तीनशे सहाचा कोळसा सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्या हाताने धुतलेला होता. मॅडमसमोर त्यांच्यावर बोट दाखवताना मला हे पूर्ण माहीत होतं.

मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "तेलखेडले जायचं असन तर रविवारी सकाळची गाडी हाय. मी येतो संगं. तुमाले घर सापडणार नाई."

रविवारी आम्ही एसटीने गेलो. वाटेत ते खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या मागच्या बाकावर. तासाभराने जमीन बदलली. काळी, सपाट, दूरपर्यंत एक झाड नाही. हा खारपाण पट्टा. इथल्या विहिरींचं पाणी इतकं खारट की तोंडात धरवत नाही.

त्यांची बहीण गोकर्णाबाई. घराच्या भिंतीला लागून पऱ्हाटीची गंजी रचलेली होती. मी काय शोधतेय ते ऐकून त्यांना मोठं नवल वाटलं.

"ही पऱ्हाटी चुलीत टिकत नाई, बाई," त्या म्हणाल्या. "तडतड करते, अन् इंगळ धरतच नाई. भुगा होऊन जाते. भाकरी करायची असन त मी तुराट्या लावतो. ही नुसती पाणी तापवाले."

"असं का होतं?"

"खार हाय ना जमिनीत. झाड तेच पिते."

दीड महिना मी तापमान बदलत होते, सिलिंडर बदलत होते, आणि उत्तर या बाईच्या चुलीत होतं. झाडाने मुळांतून ओढलेला खार लाकडाच्या आत भिनलेला. भट्टीत तो कोळशाच्या पोटात पसरतो, धुतलं की निघून जातो, आणि त्याची जागा रिकामी राहते. म्हणून निम्म्या पोटॅशमध्येही छिद्रं पडत होती. निम्मं काम जमिनीने आधीच केलेलं होतं.

गोकर्णाबाईंनी आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. दोघं बहीणभाऊ घरच्या गोष्टी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी भावाला विचारलं, "तुह्या त्या वरच्या जागेचं काय झालं?" गावंडेभाऊ म्हणाले, "होईल." आणि पाणी मागितलं.

परतताना मी विचारलं, वरची जागा म्हणजे कोणती. म्हणाले, प्रयोगशाळा सहायकाची यादी निघायची आहे, सेवाज्येष्ठतेत त्यांचं नाव दुसरं होतं.

"होतं म्हणजे?"

"मेमो असला का मागं पडते ते," ते म्हणाले.

नव्या पोत्याच्या तीन बॅच मी बारा दिवसांत केल्या. दोनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे अकरा, तीनशे दोन. तिसरा आकडा पडद्यावर आला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मी यंत्र बंद केलं, खोली झाडली आणि वसतिगृहावर जाऊन झोपले.

मॅडमना मी राखेचं सांगितलं, खारपाण पट्ट्याचं सांगितलं. त्या उठून फळ्याशी गेल्या, आकृत्या काढू लागल्या. समितीपुढे त्यांनी ते इतक्या सुंदर मांडलं की अध्यक्षांनी गावाचं नाव लिहून घेतलं. त्या संध्याकाळी मॅडमनी मला पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं. गावंडेभाऊंचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. मनात म्हणत होते, निबंध छापून येऊ दे, मग सांगू.

सप्टेंबरमध्ये निबंधाची सुधारित प्रत तयार झाली. शेवटी आभाराच्या ओळी असतात. तिथे मी गावंडेभाऊंचं आणि गोकर्णाबाईंचं नाव घातलं, आणि ते पान दाखवायला गोदामात गेले. त्यांनी ते हातात घेतलं. इंग्रजी होतं, पण स्वतःचं नाव त्यांना ओळखता आलं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"तुमच्यामुळे हे काम झालं, असं लिहिलंय. हे जगभर वाचतात, भाऊ."

त्यांनी पान नीट घडी करून मला परत दिलं.

"मॅडम, माझं नाव तुमच्या कागदात नको. माझ्या सेवापुस्तकात जे लिवलं हाय, ते काढा."

एवढं बोलून ते गठ्ठे बांधायला लागले.

तीन दिवसांनी मी मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. अकोला, हजेरीपट, वही. पहिली बॅचही त्यांनीच धुतली होती हे सांगितलं तेव्हा मॅडम लिहायच्या थांबल्या.

"म्हणजे वहीतली नोंद खोटी आहे."

"एक पान, मॅडम."

"वहीत एक पान असं काही नसतं," त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा तसाच खाली गेला होता. "एक पान खोटं निघालं की उरलेल्यांवर कोण विश्वास ठेवणार? आणि मेमोवर सही माझी आहे. मी त्यांना नीट विचारलंसुद्धा नाही."

त्यांनी माझी समजूत घातली नाही आणि मला थांबवलंही नाही. त्याच दिवशी त्यांनी निबंध मागे घेतला. मला म्हणाल्या, सगळ्या बॅच पहिल्यापासून दुसऱ्या कोणाच्या देखरेखीखाली पुन्हा कर, आणि कुलसचिवांना अर्ज लिही, स्वच्छ अक्षरात, कदाचित वगैरे न घालता. अर्ज घेऊन त्या स्वतः माझ्याबरोबर गेल्या.

चौकशी पाच महिने चालली. माझी नोंदणी वर्षभर थांबवली गेली. सगळं पुन्हा करून निबंध गेला तोपर्यंत दुसऱ्या एका देशातल्या लोकांनी समुद्रकाठच्या झुडपांवर अगदी हीच कल्पना छापली होती. आमचा निबंध शेवटी एका लहानशा नियतकालिकात आला. मॅडमनी माझा प्रबंध पूर्ण करून घेतला, पण मला पुन्हा घरी बोलावलं नाही. मी आता एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. गावंडेभाऊंच्या वरच्या जागेची यादी डिसेंबरमध्ये लागली, चौकशी चालू असतानाच. तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. पुढची यादी ते नोकरीत असेपर्यंत निघाली नाही. ते परिचर म्हणूनच निवृत्त झाले.

फेब्रुवारीत आदेश निघाला तेव्हा आस्थापना विभागाने आम्हा दोघांना बोलावलं. कारकुनाने सेवापुस्तक उघडलं, मेमोच्या नोंदीवर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'तक्रार निराधार आढळल्याने नोंद रद्द.' मग ते पुस्तक गावंडेभाऊंपुढे सरकवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि ती ओळ बोट फिरवत वाचली. कारकुनाला म्हणाले, तारीख राहिली. त्याने तारीख घातली.

मी म्हणाले, "भाऊ, यादी निघून गेली. मी आधी आले असते तर..."

"हो," ते म्हणाले. "निघून गेली."

ते कारकुनाकडे वळले आणि म्हणाले, या पानाची झेरॉक्स पाहिजे. कारकून वैतागला. सेवापुस्तकाची प्रत अशी देत नाहीत, अर्ज करावा लागतो, आणि आता नोंदच रद्द झाली तर प्रत कशाला हवी, असं त्याने विचारलं.

गावंडेभाऊंनी चष्मा घडी करून खिशात ठेवला.

"मेमो घरी वाचला होता सगळ्यायनं," ते म्हणाले. "हेबी वाचू द्या."

कारकुनाने कोरा कागद पुढे केला. ते बाकावर बसून अर्ज लिहायला लागले, आणि मी त्यांना माझं पेन दिलं, कारण त्यांचं चालत नव्हतं.